विवाल्दीच्या ‘उन्हाळ्या’त ऊन कमी आणि भीती जास्त का ऐकू येते?

स्वरवेडी (नाशिक)

नमस्कार. मी बरीच वर्षे हिंदुस्थानी कंठसंगीत शिकते आहे. पाश्चात्त्य संगीताच्या बाबतीत मात्र माझी पाटी जवळजवळ कोरी आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे प्रश्न बाळबोध वाटला तरी जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

गेल्या मे महिन्यात, पंखा नुसती गरम हवा फिरवत होता अशा एका दुपारी, मी अठराव्या शतकातल्या विवाल्दी या इटालियन संगीतकाराच्या ‘चार ऋतू’ या रचनांपैकी ‘उन्हाळा’ पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला. तिसऱ्या भागात वादळ आहे एवढे ठाऊक होते, म्हणून आपल्या वळवासारखे काहीतरी कानावर पडेल, तापलेली जमीन भिजेल, जीव निवेल अशी माझी अपेक्षा होती. तसे काहीही झाले नाही. पहिल्या भागापासूनच कोणीतरी धास्तावलेले आहे असे वाटत राहिले, आणि शेवटचा भाग तर मला पावसापेक्षा संतापाचा वाटला. शेजारच्या खोलीतून आईने विचारले, ‘कोणाचे भांडण लावले आहेस?’

आमच्याकडे मल्हार गाताना बंदिशीच्या शब्दांत ढग, वीज, पपीहा सगळे येते, परंतु स्वरांनी पावसाची नक्कल करावी असे कोणी शिकवत नाही. मियाँ मल्हारातला कोमल गंधार आंदोलन घेत खाली येतो आणि दोन्ही निषाद एकमेकांना खेटून लागतात तेव्हा जे दाटून येते, ते थेंबांचा आवाज काढून साधणार नाही. मग बरोक काळातले (साधारण 1600 ते 1750) हे संगीतकार नेमके काय करत होते? ते हवामानाचे चित्र काढत होते, की हवामानाचे निमित्त करून मनाचे? आणि आपल्या रसविचारासारखे काही त्यांच्यापाशी होते का?

गज आणि तार

ताई, आपल्या आईंचा कान पक्का आहे. त्यांनी जे ओळखले त्याला आधार आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी नाशिकमध्ये मुलांना व्हायोलिन शिकवतो आणि ‘उन्हाळा’ दर वर्षी कोणा ना कोणाकडून बसवून घ्यावा लागतो, त्यामुळे त्याच्या स्वरलेखनाशी माझा रोजचा संबंध आहे.

हे चार कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि त्याच्या साथीला वाद्यवृंद अशा रचना) 1725 मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे, बारा कॉन्चेर्तोंच्या एका संग्रहातले पहिले चार म्हणून छापले गेले. प्रत्येकासोबत एक सुनीत छापलेले होते, सुनीताच्या ओळींना अक्षरे दिली होती आणि तीच अक्षरे स्वरलेखनात त्या त्या जागी घातली होती, म्हणजे वादकाला आपण कोणत्या ओळीवर आहोत हे कळावे. याशिवाय जागोजाग छोट्या सूचना आहेत. ‘उन्हाळा’ सुरू होतो तिथे लिहिले आहे: उष्म्याने आलेली ग्लानी. आता हे शब्द नीट पाहा. ‘ऊन’ असे लिहिलेले नाही, ‘ग्लानी’ असे लिहिले आहे. ऊन ऐकू येत नाही. उन्हाने थकलेल्या माणसाचे धापा टाकणे ऐकू येते. म्हणून सुरुवातीला दोन-दोन, तीन-तीन स्वरांचे तुकडे हळू आवाजात खाली पडतात आणि मध्ये थांबतात, जणू पुढचे पाऊल टाकण्याचेही त्राण उरलेले नाही. विद्यार्थी तिथे नेहमी घाई करतात, आणि मी त्यांना मे महिन्यात दुपारी दोन वाजता रविवार कारंजापासून पंचवटीपर्यंत चालत जाऊन यायला सांगतो. (अजून कोणी गेलेले नाही.)

पुढे कुक्कू पक्षी येतो, होला येतो, मंद वारा येतो, आणि मग उत्तरेचा वारा त्याच्यावर चाल करून जातो. वादळ अजून आलेलेच नाही. तरीही एक मेंढपाळ पोरगा रडू लागतो, कारण वादळ डोक्यावर लटकले आहे आणि आपले काय होणार हे त्याला सुचत नाही. इथे सारा ताफा गप्प होतो. एकटे व्हायोलिन आणि खाली फक्त साथीचा खर्ज उरतो, आणि सुरावट अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी कण्हत सरकते. दुःखासाठी असे सरकते अर्धस्वर वापरण्याची रीत विवाल्दीच्या आधी कित्येक पिढ्यांपासून रुळलेली होती. इंग्रज संगीतकार पर्सेलच्या ‘डायडो आणि ईनियस’ या ऑपेरात, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकात, राणी डायडो मरणापूर्वी जे गाते, त्याच्या तळाशीही खर्जाची एक ओळ अशीच अर्धस्वरांनी उतरत राहते आणि पुन्हा पुन्हा सुरू होते.

दुसऱ्या भागात त्या पोराला झोप येत नाही. वरच्या व्हायोलिनांवर माश्या आणि गांधीलमाश्या घोंघावतात, मध्येच अख्खा ताफा गडगडतो, पुन्हा शांत होतो, पुन्हा गडगडतो.

आता आपला मुख्य प्रश्न: वादळ रागावल्यासारखे का वाटते? मला याचे उत्तर विवाल्दीच्या शंभर वर्षे आधीच्या मॉन्तेवेर्दी या इटालियन संगीतकारापाशी सापडते. 1638 मध्ये छापलेल्या आपल्या मॅड्रिगलांच्या (अनेक आवाजांसाठी रचलेल्या गीतांच्या) आठव्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की क्रोध, संयम आणि विनम्रता या मनाच्या तीन मुख्य अवस्था आहेत, आणि संगीतापाशी क्रोधासाठी भाषाच नव्हती, ती आपण शोधून काढली. ती भाषा म्हणजे काय, तर एक लांब स्वर घ्यायचा, त्याचे सोळा तुकडे करायचे आणि तोच स्वर गजाने झरझर सोळा वेळा वाजवायचा. ही युक्ती त्याने 1624 मध्ये व्हेनिस येथे, तांक्रेदी आणि क्लोरिंदा या दोन योद्ध्यांच्या द्वंद्वयुद्धाच्या संगीतात प्रत्यक्ष वापरली होती. वादकांना ती सुरुवातीला हास्यास्पद वाटली. एकच तार एका मात्रावर्तनात सोळा वेळा काय म्हणून ठोकायची, असे म्हणून ते एकदाच वाजवून मोकळे होत, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे.

‘उन्हाळ्या’चा तिसरा भाग उघडून पाहिला तर डोळ्यांसमोर काय येते? तोच स्वर, झरझर, पुन्हा पुन्हा, सगळ्या तारवाद्यांवर. या कॉन्चेर्तोंत ढोल नाही, नगारा नाही. एकल व्हायोलिन, तारवाद्ये आणि साथीचा खर्ज एवढ्यावर मेघगर्जना उभी करायची आहे. त्यासाठी जी भाषा तयार होती ती क्रोधाची होती. आपल्या आईंना भांडण ऐकू आले, कारण तो आवाज मुळात भांडणासाठीच घडवला गेला होता.

थंडीचेही तसेच आहे. पर्सेलच्या 1691 मधल्या ‘किंग आर्थर’मध्ये शीताचा अधिपती बर्फाखालून नाइलाजाने जागा होतो आणि गातो, तेव्हा त्याच्या स्वरांवर थरथर दाखवणाऱ्या नागमोडी रेघा काढलेल्या आहेत. बर्फाचा आवाज कसा असतो हे पर्सेलने शोधलेले नाही. गारठलेला गळा कसा गाईल ते शोधले आहे. विवाल्दीच्या ‘हिवाळ्या’तही दात वाजतात आणि पाय आपटले जातात. बरोक हवामान असे माणसाच्या अंगावर वाजते, असे मला तरी वाटते.

द्राक्षबाग

सरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मला स्वरलेखन वाचता येत नाही. दिंडोरी तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे आणि फवारणीचा ट्रॅक्टर चालवताना मोबाईलवर काहीही ऐकण्याची मला सवय आहे, एवढीच माझी पात्रता. पण स्वरवेडीताईंच्या वळवाबद्दल थोडे बोलावेसे वाटले.

ताई, मे महिन्यातला वळीव तुम्हाला गोड वाटतो, कारण तेव्हा शेत बहुतेक मोकळे असते. आमची गोष्ट मार्चमधली आहे. ऑक्टोबरला छाटणी केलेल्या बागेत तेव्हा घड तयार होऊन लोंबत असतात, व्यापाऱ्याशी भाव ठरलेला असतो, आणि दुपारनंतर हवा एकदम पडते. पान हलत नाही. मग अचानक गार वारा सुटतो आणि पश्चिमेचे आभाळ काळेनिळे होते. त्या वेळी पाऊस येणार म्हणून कोणीही आनंदत नाही. गारा आहेत की नाहीत एवढाच प्रश्न असतो. त्या रात्री कोणी झोपत नाही. सरांनी दुसऱ्या भागाबद्दल लिहिले आहे ते वाचताना मला अंथरुणावर उठून बसणारे माझे वडील आठवले.

सुनीताचा अर्थ मी शोधून वाचला. शेवटच्या ओळींत कवी म्हणतो की हाय, त्याची भीती खरीच ठरली. आभाळ गरजते, कडाडते आणि गारा ताठ उभ्या कणसांची मुंडकी छाटून टाकतात. तिकडे गहू उन्हाळ्यात पिकतो, म्हणजे त्यांचे उन्हाळ्यातले वादळ हे आमचे मार्चमधले वादळ आहे, तुमचा वळीव नव्हे. उभे पीक असलेल्या माणसाने ऐकलेला पाऊस आणि पेरणीसाठी डोळे लावून बसलेल्या माणसाने ऐकलेला पाऊस हे वेगवेगळे असतात. आपल्याकडे पावशा ओरडला की लोक त्याला ‘पेरते व्हा’ म्हणतात. त्याच्याच कुळातला पक्षी तिथे ओरडतो तेव्हा पुढे रडणे येते.

शेवटाबद्दल आणखी एक. संगीत गारांवरच संपते. गारा थांबल्यानंतरचे काहीही त्यात नाही, पंचनामासुद्धा नाही. मला ते फार खरे वाटले.

थंडीचे म्हणाल तर निफाडकडे पारा घसरला की मणी तडकतात, म्हणून पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. ‘हिवाळ्या’त बर्फ तडकतो असे वाचले. आमच्याकडे बर्फ नाही, पण तडकणे आहे.

जुना वाचक

चर्चा चांगली चालली आहे, म्हणूनच दोन ठिकाणी पाय अडवतो.

रसविचारासारखे काही होते का, या प्रश्नाचे उत्तर ‘होते’ असे झटकन दिले जाते आणि मग बरोक संगीत म्हणजे जणू भावनांचा ठरलेला कोश, अमुक भावनेला अमुक स्वरसमूह, असे चित्र उभे राहते. भावनांचा विचार त्या काळात जोरात चालू होता हे खरे आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1649 मध्ये भावनांवर ग्रंथ लिहून विस्मय, प्रेम, द्वेष, इच्छा, आनंद आणि दुःख अशा सहा मूळ भावना मानल्या. जर्मन संगीतकार आणि लेखक माटेसोनने 1739 च्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्या संगीताशी कशा जोडता येतील याचा ऊहापोह केला. एका भागात एक भाव धरून ठेवायचा, हा प्रघातही बराच सर्वसाधारण होता. परंतु या साऱ्याचा एकसंध ‘सिद्धान्त’ ही बऱ्याच अंशी विसाव्या शतकातल्या जर्मन अभ्यासकांनी केलेली जुळणी आहे. प्रत्यक्षात जो तो आपापल्या परीने बोलत होता. याच माटेसोनने 1713 मध्ये निरनिराळ्या स्वरपट्ट्यांचे स्वभाव वर्णिले, तेव्हा जी मायनरला त्याने जवळजवळ सर्वांत सुंदर म्हटले आणि त्यात गांभीर्याबरोबर गोडवाही पाहिला. विवाल्दीचा ग्लानी, रडणे आणि गारा यांनी भरलेला ‘उन्हाळा’ नेमका त्याच जी मायनरमध्ये आहे. कोश एकच असता, तर असे झाले नसते.

नाट्यशास्त्राशी तुलना करताना आणखी एक भेद डोळ्यांआड होऊ नये. भरताच्या आठ रसांत रस हा प्रेक्षकाने आस्वादायचा असतो. नटाचा शोक आणि प्रेक्षकाचा करुण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सतराव्या-अठराव्या शतकातले युरोपीय लेखक मात्र बहुधा वक्तृत्वशास्त्राच्या वाटेने जातात: वक्ता श्रोत्यांना हलवतो, तसे संगीताने ऐकणाऱ्यात तीच भावना प्रत्यक्ष जागी करावी. तिथे चव घेण्यापेक्षा ढवळले जाणे अपेक्षित आहे.

आता ‘गज आणि तार’ यांच्या ‘हवामान माणसाच्या अंगावर वाजते’ या वाक्याविषयी. वाक्य देखणे आहे, पण सगळीकडे चालणार नाही. ‘वसंता’च्या दुसऱ्या भागात धनगर झोपलेला असताना व्हिओला (व्हायोलिनसारखेच, पण जरा खालच्या सुराचे वाद्य) दोन-दोन स्वरांत भुंकतो, आणि तो कुत्रा कोणाच्याही मनातला नाही, तो कुत्राच आहे, शिवाय तिथे जोरात आणि ओरबाडून वाजवावे अशी सूचना आहे. फ्रान्समध्ये मारँ मारेने 1706 च्या ‘अल्सिओन’ या ऑपेरात समुद्रातले वादळ उभे केले ते ढोल वापरून, आणि त्यामागे रंगभूमीवर दृश्य उभे करण्याचा हेतूही होता. हॅन्डेलच्या 1724 च्या ‘जुलियो चेझारे’मध्ये तर क्लिओपात्रा वादळात फुटलेल्या आणि किनाऱ्याला लागलेल्या जहाजाची उपमा घेऊन गाते, आणि शब्दांत वादळ असूनही संगीत उघड उघड आनंदाचे आहे, कारण तिचा प्रियकर जिवंत परत आला आहे. म्हणजे कुठे नक्कल, कुठे देखावा, कुठे उपमा. ऑपेरा पाहणाऱ्या व्हेनिसच्या श्रोत्याला या सगळ्यांची सवय होती, आणि विवाल्दी स्वतः ऑपेरे लिहीत होता. मला वाटते, ‘उन्हाळ्या’त शब्दांविना चालणारा एक ऑपेरा आहे, ज्यात ते रडणारे पोरगे नायक आहे.

द्राक्षबागवाल्यांच्या निरीक्षणाला मात्र माझा पूर्ण दुजोरा आहे. 1808 मध्ये बेथोव्हेनने आपल्या सहाव्या सिंफनीत वादळ आणले, तेव्हा त्यानंतर मेंढपाळांचे कृतज्ञतेचे गाणे ठेवले. विवाल्दीला त्याची गरज भासली नाही.

गज आणि तार

कुत्र्याचा मुद्दा मान्य. तरीही एक भर घालतो: त्या भागात साथीचा खर्ज वाजवणारे चेलो आणि हार्प्सिकॉर्ड गप्प असतात, त्यामुळे सगळ्यात खाली तो भुंकणारा व्हिओलाच असतो. झोपलेल्या माणसाच्या पायाशी कुत्रा असावा, तसा.

स्वरवेडी (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पुन्हा ऐकले, या वेळी सुनीत समोर ठेवून, आणि पहिल्या भागातले ते रडणे नेमके कुठे सुरू होते हे पहिल्यांदाच कळले. आधी मी ते ‘सुंदर एकल वादन’ म्हणून सोडून दिले होते, याची आता थोडी लाज वाटते.

माझ्या मल्हाराच्या तुलनेत एक गफलत होती, ती द्राक्षबागदादांमुळे लक्षात आली. आमच्या बंदिशींतला पाऊस बहुधा वाट पाहणाऱ्या माणसाचा असतो. प्रियकर यायचा असतो, किंवा पाऊसच. ज्याचे पीक उभे आहे त्याच्यासाठी मल्हार आहे का, हे मी माझ्या गुरुजींना विचारणार आहे. विष्णू दिगंबर पलुस्करांनी ज्या शहरात आश्रम काढला तिथे हे विचारायला हरकत नसावी. जुना वाचक यांनी सांगितलेला आस्वाद आणि ढवळणे यातला भेदही मला पटला, कारण आंदोलित गंधार ऐकताना मी रडले आहे, पण घाबरले कधीच नाही.

एक शेवटचा प्रश्न: ‘हिवाळ्या’च्या मधल्या संथ भागात व्हायोलिने तारा छेडून टपटप वाजवतात. तो पाऊस आहे असे वाचले. मग वरची धून इतकी तृप्त कशी? तिथे भीती का नाही?

गज आणि तार

कारण धून घरात आहे आणि पाऊस बाहेर. सुनीताची ओळ अशी आहे की आत शेकोटीपाशी दिवस शांत, समाधानात जातात, आणि बाहेर पाऊस शेकडो जणांना भिजवत असतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाजतात. ई फ्लॅट मेजरमधली ती ऐसपैस धून एकल व्हायोलिनाकडे, आणि थेंब बाकीच्या व्हायोलिनांकडे. पुष्कळ ध्वनिमुद्रणांत थेंब इतके मागे ढकललेले असतात की केवळ शेकोटीच ऐकू येते, आणि मग तो भाग नुसता गोड होऊन बसतो. मी वर्गात आधी धून काढून टाकतो आणि मुलांकडून फक्त पाऊस वाजवून घेतो, पंधरा-वीस मिनिटे, बोटे दुखेपर्यंत. मग एकाला धून वाजवायला सांगतो, आणि बाकीच्यांना सांगतो की त्याच्याकडे लक्ष देऊ नका, तो घरात आहे.

येत्या रविवारी सकाळी हाच भाग घेणार आहोत. आपण आणि आई दोघी या. खुर्च्या कमी आहेत, पण सतरंजी आहे. द्राक्षबागवाल्या दादांना छाटणीतून सवड मिळाली तर त्यांनीही यावे.